वृत्तपत्रातील छायाचित्र आणि आठवी आज्ञा

घणसोली गावातून पूर्वेकडे निघून रेल्वेमार्ग आणि ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की महापे औद्योगिक वसाहतीचा परिसर सुरू होतो. ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर आधी ही औद्योगिक वसाहत आली आणि १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर गावांना वेढा घालीत नवी मुंबई उभी राहिली. याच वसाहतीत वृत्तपत्रेही छापली जातात. ‘लोकसत्ता’च्या अंकात अगदी बारीक टाइपात छापलेली मुद्रणस्थळाची ओळ वाचली तर तीत महापे येथील पत्ता आढळतो. म्हणजे घणसोलीकर सकाळी चहाबरोबर जे छायाचित्र पाहतो, ते काही तासांपूर्वी त्याच्या घरापासून हाकेच्या नव्हे, पण रिक्षाच्या अंतरावर कागदावर उमटलेले असू शकते.

असे असूनही ते छायाचित्र कोणाच्या हातून कोणाच्या हाती जात तेथवर पोहोचले, वाटेत त्याच्यावर काय संस्कार झाले, त्यांपैकी कोणते रास्त आणि कोणते गैर, याची कल्पना आपल्यापैकी फार थोड्यांना असते. बातमी कोणीतरी लिहिलेली आहे, हे वाचक जाणतो आणि म्हणून तिच्यावर शंकाही घेतो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र डोळ्यांनी पाहिल्याची खात्री त्याला वाटते. या खात्रीचा उपयोग जसा होतो तसा दुरुपयोगही होतो. ख्रिस्ती वाचकाने हा विषय समजून घ्यावा असे आम्हांस वाटते, त्याला एक विशेष कारण आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात समाजसंपर्क माध्यमांचा विचार स्वतंत्र प्रकरणात केलेला नाही. तो आठव्या आज्ञेच्या विवेचनात, २४९३ ते २४९९ या परिच्छेदांत येतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी ती आज्ञा. तेव्हा वृत्तछायाचित्र ही ख्रिस्तसभेच्या दृष्टीने आधी साक्ष आहे. कला, सजावट किंवा करमणूक हे त्यानंतरचे.

साक्ष म्हटली की साक्षीदार कोठे उभा होता हा पहिला प्रश्न येतो. घणसोली गावाचेच उदाहरण घेऊ. गावठाणातील एखाद्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभे राहून वाइड अँगल लेन्सने छायाचित्र टिपले तर गल्ली प्रशस्त दिसते, दोन्ही बाजूंची घरे मागे सरकतात आणि दूरचे टॉवर नखाएवढे होतात. तीच गल्ली दोनशे-तीनशे पावले मागे जाऊन टेलिफोटो लेन्सने टिपली, तर सेक्टरमधले टॉवर जणू गावाच्या छपरांवर कलंडल्यासारखे भासतात. दोन्ही छायाचित्रांत एकही वस्तू खोटी नाही. तरीही पहिले पाहून वाचक म्हणेल, गाव सुखात आहे. दुसरे पाहून म्हणेल, शहराने गाव गिळले. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांची जी छायाचित्रे दरवर्षी हिवाळ्यात छापून येतात, त्यांतही हेच घडते. गुलाबी थव्याच्या अगदी पाठीशी उंच इमारती दिसतात; प्रत्यक्षात त्या बऱ्याच लांब असतात. दुरून टिपल्यामुळे मधले अंतर डोळ्यांना जाणवेनासे होते. याला कोणी लबाडी म्हणत नाही, म्हणूही नये. परंतु कॅमेरा कोठेतरी उभा असतोच आणि तो कोठे उभा करायचा हे माणूस ठरवतो, एवढे वाचकाने ध्यानात ठेवले की पुष्कळ झाले.

आता वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊ. एका घटनेची शेकडो छायाचित्रे काढली जातात. छायाचित्रकार त्यांतून काही निवडून पाठवतो, वृत्तसंस्थांकडून आणखी येतात आणि छायाचित्र संपादकासमोर संध्याकाळी मोठा ढीग साठतो. त्यातून पहिल्या पानावर एक जाते. ते घडीच्या वर लागणार की खाली, चार रकाने रुंद की दोन, हे ठरले की बातमीचे वजनही ठरते. मोर्चात हजारो माणसे शांतपणे चालली आणि तिघांनी दगड उचलले, तर दगडाचे छायाचित्र निवडणारा संपादक खोटे काही छापत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी लोकांच्या स्मरणात मोर्चा उरत नाही, दगड उरतो. आमच्या मते छायाचित्र संपादकाची खरी कसोटी संगणकावर लागत नाही, ती या निवडीत लागते. दुर्दैव असे की या टप्प्यावरील अन्याय पकडण्याचे कोणतेही यंत्र नाही.

निवडीनंतर छाटणी येते, जिला कचेरीत सगळे ‘क्रॉप करणे’ म्हणतात. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधील ट्रांग बांग गावाच्या रस्त्यावर नापाम बॉम्बने भाजलेली, विवस्त्र अवस्थेत धावणारी मुलगी जगाने पाहिली. मूळ चौकटीत उजव्या कडेला कॅमेऱ्यात फिल्म भरण्यात गुंतलेला एक छायाचित्रकारही आहे. बहुतेक वृत्तपत्रांनी तो भाग कापला. त्यामुळे मुलांच्या वेदनेवर नजर खिळते हे खरे, पण त्या क्षणी कोणी तरी निवांतपणे फिल्म बदलत होते ही अस्वस्थ करणारी गोष्टही त्याबरोबर गेली. असोसिएटेड प्रेसच्या सायगाव कचेरीत हे छायाचित्र नग्नतेमुळे आधी बाजूला ठेवले गेले होते. हॉर्स्ट फास या छायाचित्र संपादकाने आग्रह धरला म्हणून ते पुढे गेले. (ते नक्की कोणी टिपले याबद्दल २०२५ साली वाद उपस्थित झाला. वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने निक उट यांच्या नावे असलेले श्रेय तूर्त स्थगित केले, तर असोसिएटेड प्रेसने ते कायम ठेवले. छायाचित्राच्या खरेपणाबद्दल मात्र कोणी शंका घेतलेली नाही.)

श्रेयाचा विषय निघालाच आहे, तर होमाई व्यारावाला यांचा उल्लेख येथेच केलेला बरा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या, भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून गौरवल्या गेलेल्या या पारशी बाईंची आरंभीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ च्या जानेवारीत त्या निवर्तल्या. छायाचित्राखाली बारीक अक्षरांत छापलेले नाव केवळ मानाचे नसते. साक्षीदाराने साक्षीखाली केलेली ती सही असते. ज्या छायाचित्राखाली कोणाचेच नाव नाही, त्याबद्दल विचारायचे झाल्यास कोणाला विचारणार?

यापुढचा टप्पा उजेडाचा आणि रंगांचा. वृत्तपत्रातील रंगीत छायाचित्र भिंगाखाली धरून पाहावे; शाळकरी मुलांना हा प्रयोग फार आवडतो. छायाचित्र नाहीसे होते आणि निळसर, किरमिजी, पिवळे व काळे असे ठिपके तेवढे दिसतात. या चार शायांच्या चार पट्ट्या एकाच कागदावर एकामागून एक उमटतात. त्या केसभर जरी सरकल्या तरी चेहऱ्याला दुहेरी कडा येते. असा अंक आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा पाहिलेला आहे. वृत्तपत्राचा कागद स्वस्त आणि सच्छिद्र असल्यामुळे शाई त्यात पसरते, ठिपके फुगतात आणि छायाचित्र पडद्यावर दिसते त्याहून काळवंडते. शेतात राबणाऱ्या, होडीवर उन्हात रापलेल्या सावळ्या माणसाचा चेहरा आहे तसा छापला तर नाक-डोळेही धड कळत नाहीत. म्हणून छपाईला पाठवण्यापूर्वी मधल्या छटा उजळ कराव्या लागतात. ही फसवणूक नव्हे. त्या माणसाचा चेहरा वाचकापर्यंत पोहोचावा यासाठी घेतलेले ते कष्ट आहेत.

संगणक येण्यापूर्वीही हे होतच असे. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली हाताची सावली धरून एखादा भाग उजळ ठेवीत, तर एखाद्या भागावर जास्त वेळ प्रकाश सोडून तो गडद करीत. या दोन कृतींना डॉजिंग आणि बर्निंग म्हणतात. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपने हीच नावे आपल्या हत्यारांना दिली. परंतु त्याच हत्याराने काय करता येते, ते जून १९९४ मध्ये दिसले. खुनाच्या आरोपाखाली पकडलेल्या ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडूचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छापताना मुद्दाम गडद केले. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तेच छायाचित्र मूळ छटांत छापले. दोन्ही अंक दुकानात शेजारी शेजारी लागले आणि खटला सुरू होण्यापूर्वीच एका वर्णाला गुन्हेगार ठरवल्याचा आरोप ‘टाइम’वर झाला. चेहरा ओळखू यावा म्हणून उजेड वाढवणे आणि चेहरा भयानक वाटावा म्हणून उजेड घटवणे, यांत हाताची हालचाल एकच असते.

त्यापुढची पायरी म्हणजे चौकटीत नसलेले घालणे अथवा असलेले काढणे. येथे सर्व जबाबदार वृत्तपत्रांचा नियम स्पष्ट आहे : हे चालत नाही. २००३ साली इराक युद्धाच्या वेळी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या छायाचित्रकाराने बसरा येथे टिपलेली दोन छायाचित्रे एकत्र जोडली. एकात ब्रिटिश सैनिकाचा हात प्रभावी होता, दुसऱ्यात मूल घेतलेल्या माणसाची ठेवण चांगली होती. दोन्ही क्षण खरे होते, परंतु तो तिसरा क्षण कधी घडलाच नव्हता. मागच्या गर्दीतील काही माणसे छायाचित्रात दोनदा दिसतात हे दुसऱ्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत कोणाच्या तरी लक्षात आले आणि त्या छायाचित्रकाराची नोकरी गेली. स्पर्धांमध्येही आता मूळ फाइल मागवून ताडून पाहतात. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीतील सुमारे २० टक्के छायाचित्रे याच तपासणीत बाद झाली होती.

छायाचित्राखालच्या ओळींकडे वाचक सहसा पाहत नाही. मराठी वृत्तपत्रांत ‘संग्रहित छायाचित्र’ आणि ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ असे दोन शब्दप्रयोग वारंवार येतात. पहिल्याचा अर्थ, हे आजचे नाही, जुन्या संग्रहातले आहे. दुसऱ्याचा अर्थ, हे त्या घटनेचे नाहीच, त्या प्रकारच्या विषयाचे आहे. घणसोली गावातील धोकादायक इमारतीच्या बातमीबरोबर भलत्याच गावची इमारत छापलेली असू शकते आणि खाली ‘प्रातिनिधिक’ असे लिहिले असल्यास वृत्तपत्र प्रामाणिकच ठरते. (तेवढे टाळून वार्ताहराने गावात जाऊन एक खरे छायाचित्र काढले असते तर अधिक बरे झाले असते, हे आमचे खासगी मत.) पंचाईत पुढे होते. कोणी तरी त्या छायाचित्राचा स्क्रीनशॉट घेतो आणि व्हॉट्सॲपवर सोडतो. ओळ कापली जाते, चित्र उरते. फाइलमध्ये दडलेली दिनांक, वेळ, कॅमेरा यांची नोंदही त्या प्रवासात पुसली जाते. साक्षीदाराचे नाव, गाव, दिवस असे सारे गळून पडते; राहते ती निनावी साक्ष.

साक्ष नीट दिली गेली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा समोरच्या टाइम्स इमारतीतून ‘मुंबई मिरर’ या तेव्हाच्या दैनिकाचे छायाचित्र संपादक सेबॅस्टियन डिसोझा स्थानकात शिरले. ‘टाइम्स’ समूहाचेच श्रीराम वेर्णेकर हेही त्या रात्री तेथे छायाचित्रे टिपत होते. हातात बंदूक घेऊन चाललेल्या अजमल कसाबचे डिसोझा यांनी टिपलेले छायाचित्र जगभर गेले. वाचकांच्या दृष्टीने गोष्ट तेथे संपली. प्रत्यक्षात ती पुढे न्यायालयात गेली. दोघांनीही साक्षीदार म्हणून शपथेवर जबानी दिली, आपण कोठे उभे होतो आणि काय पाहिले हे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी दिलेल्या निकालपत्रात या दोन छायाचित्रकारांचा नावानिशी उल्लेख करून, जिवाची पर्वा न करता त्यांनी दाखवलेल्या कर्तव्यनिष्ठेची प्रशंसा केली आहे.

विशेष म्हणजे त्याच निकालपत्रात दूरचित्रवाहिन्यांवर कठोर ताशेरे आहेत. कमांडोंच्या हालचाली थेट प्रक्षेपित केल्यामुळे हल्लेखोरांच्या पाकिस्तानातील सूत्रधारांना घरबसल्या माहिती मिळाली आणि सुरक्षा दलांचे प्राण अधिक धोक्यात आले, असे न्यायालयाने म्हटले. त्याच रात्री, त्याच शहरात, दोन्हीकडे कॅमेरेच होते आणि दोन्हीकडे दिसले ते खरेच होते. वेर्णेकर आणि डिसोझा यांच्या छायाचित्रांनी मृतांना न्याय मिळण्यास हातभार लावला. थेट प्रक्षेपणाने जिवंतांना संकटात लोटले. तेव्हा ‘खरे आहे ना, मग दाखवा’ हा युक्तिवाद आम्हांस अपुरा वाटतो. खरे केव्हा दाखवायचे, याचाही विवेक लागतो.

आता आपल्या अधिक जवळचा, आणि म्हणून अधिक अवघड प्रसंग. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून अटक करून नवी मुंबईतील तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. त्यांना कंपवाताचा विकार होता. हातात पेला धरता येत नसल्यामुळे स्ट्रॉ आणि सिपर मिळावा यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला, हे सर्वश्रुत आहे. ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा जामीनअर्ज मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रलंबित होता. त्या दिवसापासून एक छायाचित्र वणव्यासारखे पसरले : रुग्णालयाच्या खाटेवर ऑक्सिजनची नळी लावलेला एक कृश वृद्ध आणि त्याचा पाय खाटेला साखळदंडाने बांधलेला. हे फादर स्टॅन आहेत, असे त्यासोबत लिहिलेले होते. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि संतापाने अनेकांनी ते पुढे पाठवले.

ते फादर स्टॅन नव्हते. ते छायाचित्र दोन महिन्यांपूर्वीचे, मे २०२१ मधले होते. उत्तर प्रदेशातील एटा येथे रुग्णालयात दाखल केलेल्या ९२ वर्षांच्या एका कैद्याचे ते होते. ते प्रसिद्ध झाल्यावर तेथील तुरुंगाच्या एका रक्षकाला निलंबित करण्यात आले होते, म्हणजे मूळ छायाचित्राने एटा येथे आपले काम चोख बजावले होते. सत्यशोधन करणाऱ्या संकेतस्थळांनी हा उलगडा लगेच केला, परंतु चित्र पुढे आणि उलगडा मागे अशीच शर्यत चालली.

या चुकीने नुकसान कोणाचे झाले? प्रथम फादर स्टॅन यांचेच. त्यांचे खरे दुःख इतके होते की त्याला उसन्या साखळदंडाची गरज नव्हती. सिपरसाठी करावा लागलेला अर्ज न्यायालयाच्या नोंदीत आहे, तो कोणालाही नाकारता येत नाही. खोट्या छायाचित्राने मात्र विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले. हे खोटे, तर बाकीचेही खोटेच असेल, असे म्हणायला वाट मिळाली. दुसरे नुकसान एटा येथील त्या वृद्धाचे. त्याच्या यातनांचे छायाचित्र देशभर फिरले आणि त्याखाली नाव दुसऱ्याचे होते. त्याच्यासाठी कोणी प्रार्थना केली नाही, कारण तो तो आहे हे कोणालाच माहीत नव्हते. आठव्या आज्ञेचा भंग नेहमी शत्रुत्वातूनच होतो असे नाही. तो प्रेमापोटीही होतो आणि तेव्हा ओळखायला फार कठीण जातो.

येथे केवळ भाविकांना उपदेश करून भागणार नाही, कारण खुद्द व्हॅटिकनमध्येही असा प्रसंग घडलेला आहे. २४ जानेवारी २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांचा त्या वर्षीच्या जागतिक समाजसंपर्क दिनाचा संदेश प्रसिद्ध झाला. विषय होता खोट्या बातम्या आणि शांतीसाठी पत्रकारिता. पुढे दोन महिन्यांच्या आतच, १२ मार्च रोजी, पोप फ्रान्सिस यांच्या ईशज्ञानावरील अकरा पुस्तिकांच्या संचाचे प्रकाशन झाले आणि निवृत्त पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या पत्राचे एक छायाचित्र वृत्तसंस्थांना देण्यात आले. त्या छायाचित्रात पहिल्या पानाच्या शेवटच्या ओळी अस्पष्ट केलेल्या होत्या. दुसरे पान पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली झाकलेले होते, दिसत होती ती फक्त सही. झाकलेल्या भागात पोप बेनेडिक्ट यांनी आपण त्या पुस्तिका पूर्ण वाचलेल्या नाहीत असे सांगितले होते आणि लेखकांपैकी एका ईशज्ञानपंडिताच्या सहभागाबद्दल नाराजीही व्यक्त केली होती. असोसिएटेड प्रेसने हा प्रकार उघडकीस आणला. १७ मार्चला व्हॅटिकनने संपूर्ण पत्र प्रसिद्ध केले आणि २१ मार्चला संपर्क विभागाचे प्रमुख मोन्सिन्योर दारियो विगानो यांचा राजीनामा स्वीकारण्यात आला.

या प्रकरणात आम्हांस बोध वाटतो तो असा. पत्र खरे, सही खरी, पुस्तके खरी. परंतु छायाचित्र पाहणाऱ्याचा जो समज व्हावा अशी योजना केलेली होती, तो समज खरा नव्हता. ख्रिस्तसभेच्या प्रतिष्ठेसाठी हे केले असे कोणी म्हणेल. प्रतिष्ठा गेली ती त्यामुळेच.

याचा अर्थ चित्रातील काहीही अस्पष्ट करणे म्हणजे पाप, असा कोणी घेऊ नये. उलट काही ठिकाणी कायदाच तसे बजावतो. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८ अ अन्वये मनाई होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ अन्वये आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे छायाचित्र छापण्यास बालन्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ प्रतिबंध करते. अशा वेळी चेहऱ्यावर जी धूसर चौकट येते, ती उघडपणे सांगते की येथे काही झाकले आहे. वाचक फसत नाही आणि मुलाची लाज राखली जाते. व्हॅटिकनच्या त्या छायाचित्रात झाकल्याचे कळू न देणे हाच हेतू होता. फरक आहे तो एवढाच, पण तोच निर्णायक आहे.

मृतांच्या छायाचित्रांबद्दल इतके सोपे उत्तर नाही. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथा पडलेला सिरियन निर्वासित बालकाचा मृतदेह निल्युफर देमिर यांनी टिपला, तेव्हा ते छापावे की नाही यावर जगभरच्या कचेऱ्यांत खल झाला. काहींनी छापले, काहींनी बालकाला उचलून नेणाऱ्या शिपायाचे छायाचित्र निवडले. आम्ही दुसऱ्या बाजूला झुकतो. तथापि पहिले छापले गेले म्हणूनच अनेक दारे काही काळ किलकिली झाली, हेही नाकारता येत नाही. क्रुसाच्या वाटेच्या सहाव्या स्थानी आपण वेरोनिकाचे स्मरण करतो. तिने आधी रक्ताने माखलेला चेहरा पुसला. वस्त्रावर प्रतिमा उमटली ती नंतर. अपघातस्थळी मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या गर्दीला हा क्रम कोणी तरी सांगायला हवा.

अलीकडे तर कॅमेऱ्याशिवायच छायाचित्र तयार होते. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस पांढरा, फुगीर, झगमगीत कोट घालून चालले आहेत असे चित्र जगभर पसरले. ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका प्रणालीने बनवलेले होते. असा कोट नव्हता, असा क्षणही नव्हता. २०२४ च्या समाजसंपर्क दिनाच्या संदेशात आपणही अशा बनावट चित्राचा विषय झालो होतो, असे पोप फ्रान्सिस यांनी स्वतः नमूद केले. पोप लिओ चौदावे यांनी २०२६ च्या दिनासाठी मानवी आवाज आणि चेहरे जपण्याचा विषय निवडला, तो याच चिंतेतून. डार्करूममध्ये निदान निगेटिव्ह असे, डिजिटल छायाचित्राला मूळ फाइल असते. या नव्या चित्रांच्या मागे मात्र ताडून पाहण्यासारखे काहीच नसते.

सामान्य वाचकाच्या हाती काही साधी साधने आहेत. गूगल लेन्समध्ये चित्र टाकले तर ते याआधी कोठे आणि केव्हा आले होते हे पुष्कळदा कळते. एटा येथील छायाचित्राचा शोध अशा मार्गाने कोणालाही लागला असता. दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत आहेत, गाड्यांचे क्रमांक कोणत्या राज्याचे आहेत, सावल्या आणि कपडे त्या ऋतूला साजेसे आहेत का, हे पाहायला तर यंत्रही लागत नाही. गर्दीत तीच माणसे दोनदा दिसतात का, बोटे नीट मोजता येतात का, हेही पाहावे. मात्र नव्या बनावट चित्रांत बोटे आता बहुधा बरोबर असतात. आणि एखादे चित्र खोटे असल्याचे नंतर कळले, तर ते ज्या ज्या गटांत पाठवले होते त्या सर्व गटांत तसे स्पष्ट लिहावे. नुसते पुसून टाकल्याने भागत नाही, कारण तोवर ते इतरांच्या फोनमध्ये गेलेले असते. वृत्तपत्रे चूक झाल्यास खुलासा छापतात तो याचसाठी. सत्याविरुद्ध झालेल्या अपराधाची भरपाई करण्याचे बंधन धर्मशिक्षण ग्रंथही घालतो.

शेवटी, आमच्याकडे धर्मग्रामांतून येणाऱ्या छायाचित्रांविषयी थोडेसे. मदतवाटपाच्या छायाचित्रांत देणारे कॅमेऱ्याकडे पाहून हसत असतात आणि घेणारा तांदळाची पिशवी हातात धरून खाली पाहत असतो. अशी छायाचित्रे आम्ही घेत नाही. कामाचे, धान्य मोजण्याचे, वैद्यकीय शिबिरातल्या रांगेचे छायाचित्र पाठवावे. कार्यक्रमाला येऊ न शकलेल्या मान्यवरांचा चेहरा मागाहून जोडावा, अशीही विनंती अधूनमधून येते. ती प्रेमळ असते, परंतु मान्य होण्यासारखी नसते. छायाचित्राची मूळ फाइल ईमेलने पाठवावी, कारण व्हॉट्सॲपवरून आलेली लहान होते आणि तिच्यातील नोंदही जाते. सोबत दिनांक, स्थळ, छायाचित्रकाराचे नाव आणि डावीकडून उजवीकडे व्यक्तींची नावे लिहावीत. उजेड-रंगाचे काम आमच्याकडे सोपवावे. मुलांच्या छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती लागते. प्रथम ख्रिस्तप्रसाद समारंभाच्या गटचित्रासाठी धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षकांनी वर्षाच्या आरंभीच ती सर्व पालकांकडून घेऊन ठेवावी, म्हणजे ऐन समारंभाच्या दिवशी चर्चच्या दारात कागद घेऊन धावपळ करावी लागणार नाही.